ईशानला चित्र काढता आले नसते तर?

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात दुपारच्या जेवणानंतर काय ठेवावे, हा संयोजकांपुढचा जुनाच प्रश्न आहे. गेली बरीच वर्षे त्यावर एक ठरलेले उत्तर आहे : 'तारे जमीन पर' दाखवा. डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट मी आजवर चार वेळा पाहिला. त्यांपैकी तीन वेळा अशाच वर्गांत. शेवटी दिवे लागतात तेव्हा निम्म्या सभागृहाचे डोळे ओले असतात. पहिल्या दोन वेळा माझेही होते.

तिसऱ्या वेळी चित्रपट संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या वर्गात असाच एक मुलगा आहे. वाचता येत नाही. पण त्याला चित्रही काढता येत नाही. गाणे नाही, खेळ नाही. त्याचे काय करायचे?" सभागृहात हशा पिकला. व्याख्यात्यांनी 'प्रत्येक मुलात काही ना काही दडलेले असतेच, ते आपण शोधायचे' असे सांगितले आणि सत्र संपले.

मला त्या प्रश्नात हसण्यासारखे काही दिसले नाही. उलट, चित्रपटाने जे विचारायला हवे होते आणि विचारले नाही, तेच त्या बाईंनी विचारले होते. या लेखात त्या प्रश्नाच्या अंगाने चित्रपटाकडे पाहायचे आहे. चित्रपट वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. तो चांगला आहे, आणि म्हणूनच त्याने आपल्या मनात पेरलेली एक चूक सहज ध्यानात येत नाही.

जे दिसते आणि जे दिसत नाही

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईतला ईशान अवस्थी तिसरीत दुसऱ्यांदा बसला आहे. त्याला वाचता येत नाही, लिहिता येत नाही, बेरीज जमत नाही. घरी वडील आणि शाळेत शिक्षक त्याला आळशी, मस्तीखोर, बेफिकीर ठरवतात. मोठा भाऊ अभ्यासात पहिला, त्यामुळे तुलना तर रोजचीच. शेवटी त्याची रवानगी निवासी शाळेत होते. तिथे तो बोलणे आणि चित्र काढणेही सोडून देतो. मग निकुंभ नावाचे चित्रकलेचे हंगामी शिक्षक येतात, वह्या तपासतात आणि त्यांच्या लक्षात येते की मुलाला डिस्लेक्सिया आहे.

यातली एक गोष्ट दिग्दर्शक आमीर खान आणि लेखक अमोल गुप्ते यांनी फार नेमकी टिपली आहे. निवासी शाळेत ईशानच्या शेजारी राजन दामोदरन नावाचा मुलगा बसतो. त्याचे पाय अधू आहेत. राजनला कोणी 'नीट लक्ष देऊन चाल, म्हणजे जमेल' असे म्हणत नाही. तो वर्गात उशिरा पोचला तर त्याचे कारण सर्वांना दिसते. त्याच बाकावरच्या ईशानला मात्र 'नीट लक्ष देऊन वाच' असे दिवसातून दहा वेळा ऐकावे लागते. एकाची अडचण डोळ्यांना दिसते, दुसऱ्याची दिसत नाही.

ज्यांचे अपंगत्व दिसते त्यांचे आपल्याकडे सारे सुरळीत चालते, असा याचा अर्थ नाही. जिने चढून जावे लागणाऱ्या शाळा आजही आहेत. परंतु न दिसणाऱ्या अपंगत्वाला एक निराळा जाच असतो. तो म्हणजे संशयाचा. दिसणाऱ्या अडचणीकडे समाज दुर्लक्ष करतो, न दिसणारीला खोटे ठरवतो. 'नाटक करतो', 'घरच्यांनी लाडावून ठेवलेय', 'परीक्षा आली की याला होते' ही आपल्या शिक्षकखोलीतली वाक्ये आहेत. भेदभावाची सुरुवात इथून होते, आणि तो करणाऱ्याला आपण शिस्त लावतो आहोत असे वाटत असते.

मीही तसेच केले आहे. तालुक्याच्या गावी आठवी-नववीला विज्ञान शिकवत असताना वर्गात एक मुलगा होता. तोंडी विचारले तर चारचौघांसारखी उत्तरे द्यायचा, वही मात्र जवळपास कोरी. फळ्यावरचे उतरवून घेताना दोन ओळी होईतो माझा फळा पुसून झालेला असे. मी त्याला न उतरवलेली उत्तरे दहा-दहा वेळा लिहायला लावली. ज्याला एकदा लिहिणे जमत नाही त्याला दहादा लिहायला सांगणे ही शिक्षा आहे की उपाय, याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. नववीच्या सहामाहीनंतर तो शाळेत आला नाही. अशा शिक्षकांना आरसा दाखवण्याचे काम या चित्रपटाने केले, हे मान्य केलेच पाहिजे.

चित्रपटातील सर्वोत्तम प्रसंग माझ्या मते घरातला आहे. निकुंभसर ईशानच्या वडिलांच्या हाती एक खोके देतात आणि त्यावरचा परक्या लिपीतला मजकूर वाचायला सांगतात. वडील म्हणतात, कसे वाचणार? सर त्यांना दटावतात, लक्ष द्या, वाचा. वडिलांना ते जमत नाही, तेव्हा सर त्यांच्यावर उद्धटपणाचा ठपका ठेवतात. दोन मिनिटांच्या या प्रसंगात जे सांगून होते, ते सांगायला आम्हाला प्रशिक्षणात दोन दिवस लागतात.

नाचणारी अक्षरे

आता विज्ञानाच्या अंगाने पाहू. चित्रपटात ईशानला अक्षरे नाचताना दिसतात, आणि पडद्यावर ती खरोखर हलतात, पळतात. त्याच्या वहीत इंग्रजी अक्षरे आरशातल्यासारखी उलटी पडतात. पडद्यावर हे दाखवणे सोपे आणि परिणामकारक आहे. परंतु त्यामुळे असा समज पक्का झाला आहे की डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांना अक्षरे उलटी दिसणे.

हा समज जुना आहे. १९२५ च्या सुमारास अमेरिकन मेंदूतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन यांनी उलट्या अक्षरांकडे लक्ष वेधले. मेंदूच्या दोन अर्धांमधल्या प्रतिमांची सरमिसळ होत असावी, अशी त्यांची कल्पना होती. पुढे १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी चित्र बदलले. वाचायला नुकतीच लागलेली जवळजवळ सगळीच मुले काही काळ अक्षरे उलटी काढतात. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांचा मूळ अडथळा डोळ्यांच्या नव्हे, तर भाषेतील ध्वनींच्या वाटेवर असतो. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणे, ते ध्वनी क्षणभर मनात धरून ठेवणे आणि प्रत्येकाची खुणेशी चटकन जोडी लावणे, ही कामे इतरांना नकळत जमतात. या मुलांना ती फार कष्टाने करावी लागतात. ही प्रवृत्ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. मेंदूच्या डाव्या अर्धातील वाचनाशी निगडित भागांचे काम या मुलांमध्ये वाचताना वेगळे चालते, हेही प्रतिमा-तंत्रांनी दिसले आहे.

आपल्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या फारशा नाहीत. तेव्हा मराठी शाळेतला शिक्षक उलट्या अक्षरांची वाट पाहत बसला, तर त्याच्या वर्गात डिस्लेक्सियाचे एकही मूल नाही असेच त्याला वाटेल. मराठीत लक्षणे निराळ्या जागी दिसतात. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चार व्यंजनाचा आधी होतो. 'सूर्य' मधला र उच्चारात य च्या आधी आहे, पण त्याची खूण य च्या डोक्यावर बसते. घ-ध, भ-म या जोड्या डोळ्यांना जवळच्या आहेत. बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर शिकायच्या खुणांची संख्या शेकड्यांत जाते. कन्नडसारख्या, याच घडणीच्या लिपीतील मुलांच्या अभ्यासांत दिसले आहे की अक्षरओळख पक्की व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त वर्षे लागतात. म्हणून काना-मात्रा गळणे, जोडाक्षर सुटणे, पहिल्या अक्षरावरून उरलेला शब्द अंदाजाने म्हणणे आणि चौथी-पाचवीतही वाचनाची गती अडखळती राहणे, या आपल्याकडच्या खुणा आहेत.

वर्गात करून पाहण्यासारख्या दोन साध्या गोष्टी सांगतो. एक, तोंडी विचारा : 'मगर'मधला 'म' काढला तर काय उरले? दोन, ज्यांना अर्थ नाही असे बनावट शब्द वाचायला द्या : टमुक, धिपळ, खोरणी. ओळखीचे शब्द पाठ करून वेळ मारून नेणारे मूल बनावट शब्दाशी अडते. यावरून निदान करायचे नाही, ते काम तज्ज्ञांचे. पण 'हा आळशी आहे' हे आपले निदान तपासून पाहायला एवढे पुरेसे आहे.

थोरांची यादी

निकुंभसर एके दिवशी वर्गाला गोष्ट सांगतात. एक मुलगा होता, त्याला वाचता येत नव्हते. आणि मग नावे येतात : आइन्स्टाइन, लिओनार्दो दा विंची, एडिसन. वर्गातल्या ईशानचा चेहरा उजळतो. पडद्यासमोरचे आपणही सुखावतो.

विज्ञानाच्या मासिकाने इथे थांबून पुरावा विचारायला हवा. आइन्स्टाइन शाळेत गणित-भौतिकीत उत्तम होते आणि किशोरवयातच त्यांनी कलनशास्त्र आत्मसात केले होते. त्यांना डिस्लेक्सिया होता असे म्हणायला भक्कम आधार नाही. लिओनार्दो डावखुरे होते. उजवीकडून डावीकडे लिहिल्यास डावखुऱ्याचा हात ओल्या शाईवरून फिरत नाही, एवढे साधे कारणही त्यांच्या आरसा-लेखनामागे असू शकते. एडिसन लहानपणापासून अधाशी वाचक होते. त्यांना अडचण होती ती ऐकण्याची. लहान वयापासूनच त्यांना कमी ऐकू येई. बहिरेपण हेही चटकन न दिसणारे अपंगत्वच. म्हणजे एडिसन यांची खरी अडचण बाजूला ठेवून आपण त्यांना दुसरीच चिकटवतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान दंतकथांवरून करणे हे विज्ञान नव्हे.

'पण त्याने मुलांना धीर येतो ना!' असे कोणी म्हणेल. येतो, थोडा वेळ. मग मूल स्वतःकडे पाहते आणि आपण आइन्स्टाइन नाही हे त्याला कळते. पालकही तेच पाहतात. असा एक बाप मला भेटला आहे. मुलाचा तपासणी-अहवाल हातात घेऊन त्याने विचारले, "सर, मग याच्यात विशेष काय आहे?" जणू डिस्लेक्सियाबरोबर एखादी देणगी मिळायलाच हवी आणि ती अजून घरपोच झालेली नाही! डिस्लेक्सिया असलेल्या मुलांमध्ये कलेची किंवा आकारज्ञानाची विशेष प्रतिभा इतरांपेक्षा जास्त असते, असे ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा संशोधनात मिळालेला नाही. काहींमध्ये असते, काहींमध्ये नसते. इतर मुलांचेही तसेच आहे.

प्रतिभेचा जामीन

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चित्रपटाचा शेवट आठवा. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते. परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी स्वतःच्याच भूमिकेत आल्या आहेत. ईशान पहिला येतो. त्याचे चित्र शाळेच्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठावर छापले जाते. टाळ्या होतात, आई-वडील रडतात, मुख्याध्यापकांचे मन वळलेले असते. निकुंभसर हक्काची भाषाही बोलतात, परंतु पडद्यावर आपल्याला जिंकते ते चित्र. राजनचेही पाहा. तो पायाने अधू आहे, पण वर्गातल्या पहिल्या काही मुलांपैकी एक आहे. म्हणजे या वर्गातली जी दोन अपंग मुले आपल्याला जवळून भेटतात, ती दोघेही सामान्य नाहीत.

याचा अर्थ काय होतो? ईशानला वर्गात राहू द्यावे, कारण तो अलौकिक चित्रकार आहे. त्याच्या शुद्धलेखनाकडे काणाडोळा करावा, कारण त्याच्या आत तारा आहे. त्याच्यावर अन्याय झाला, कारण हिऱ्याला दगड समजले गेले. मग जो हिरा नाही त्याचे काय? त्याला दगड समजणे बरोबर होते काय? समाजाने ईशानला सोडले ते जामिनावर, आणि जामीन राहिली त्याची चित्रकला. त्या बाईंच्या वर्गातल्या मुलाकडे जामीन नाही. माझ्या वर्गातल्या मुलाकडेही नव्हता. चित्रपट पाहून घरी आल्यावर त्या मुलाला काय येत होते ते मी आठवू लागलो. बराच वेळ आठवल्यावर माझ्या लक्षात आले की मी चुकीचे काहीतरी शोधतो आहे. त्याच्यात काही विशेष सापडले असते तर मला जास्त वाईट वाटले असते, आणि नाही सापडले म्हणून कमी. असे का व्हावे?

साधा हिशेब करू. अशा मुलांचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आले आहे. शंभरांत पाच ते दहा हा नेहमी दिला जाणारा अंदाज घेतला, तर पन्नासांच्या वर्गात अशी तीन ते पाच मुले बसतात. चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला मात्र एकच येतो.

विज्ञानही याच वाटेने गेले होते

या चुकीचा सगळा दोष चित्रपटाच्या माथी मारणे योग्य नाही. खुद्द विज्ञानाने ती पाऊणशेहून अधिक वर्षे केली.

१८९६ साली डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत लिहिली. शिकवण्याचे सारे प्रयत्न करूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. त्याच वेळी तो मुलगा तल्लख आहे, खेळात चपळ आहे, गणित करतो, सारे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेत सर्वांत हुशार ठरला असता असे त्याच्या मास्तरांचे मत आहे, हेही त्यांनी आवर्जून नोंदवले. तेव्हा ते आवश्यकच होते. वाचता न येणे म्हणजे मंदबुद्धी, हे समीकरण त्यांना मोडायचे होते. परंतु त्यातून नवे समीकरण तयार झाले. बुद्धी चांगली आणि वाचन वाईट, तरच ती खरी वाचन-अक्षमता. बुद्ध्यंक आणि वाचन यांत ठरावीक तफावत दिसली तरच निदान, अशी पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

पुढच्या संशोधनाने हा पाया काढून घेतला. बुद्ध्यंक जास्त असो वा बेताचा, वाचनात अडखळणाऱ्या मुलांची ध्वनी ओळखण्याची अडचण सारखीच असते असे दिसू लागले. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दोन्ही गटांतील मुलांच्या मेंदूचे वाचनाशी संबंधित काम तपासले, तेव्हा दोन्हींकडे सारखाच नमुना आढळला. २०१३ साली अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा तफावतीची अट वगळण्यात आली.

आपल्याकडे मात्र जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या मूल्यमापनाच्या सूचनांत, बुद्ध्यंक ८५ च्या वर असेल तरच विशिष्ट अध्ययन अक्षमतेची पुढची चाचणी करावी, असा क्रम होता. आता ज्याचा बुद्ध्यंक ७८ आहे असे मूल डोळ्यांपुढे आणा. बौद्धिक अपंगत्वात धरायला ते 'जास्त हुशार', अध्ययन अक्षमतेत धरायला 'कमी हुशार'. मधल्या फटीत पडलेल्या या मुलाला दाखला मिळत नाही, सवलत मिळत नाही, आणि पडद्यावरही ते आपल्याला भेटत नाही. आपल्या वर्गात ते रोज असते. शिक्षक त्याला 'ढ' म्हणतात.

हक्काला गुण लागत नाहीत

कायद्याने या बाबतीत चित्रपटापेक्षा बरेच पुढचे पाऊल टाकले आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्रात मात्र १९९६ पासूनच शालान्त परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळू लागल्या. वाढीव वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे, अशा त्या सवलती होत्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. नंतर संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत केला. एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, स्वमग्नता, सिकलसेल, थॅलसेमिया, हिमोफिलिया असे न दिसणारे किती तरी त्यात आले.

शिक्षकांनी यातल्या दोन गोष्टी विसरू नयेत. कलम १६ ने मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापनाचे उपाय करणे शाळांचे कर्तव्य ठरवले आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. या कायद्यातील भेदभावाच्या व्याख्येत 'वाजवी सोय नाकारणे' हाही भेदभावच मानला आहे. म्हणजे मारणे, हिणवणे, प्रवेश नाकारणे एवढाच भेदभाव नव्हे. सर्वांना सारखाच वेळ, सारखाच कागद, सारखीच पद्धत, 'माझ्याकडे सगळी मुले सारखी' असे म्हणणारा सज्जन शिक्षकही भेदभाव करत असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्पष्ट केले. उमेदवाराच्या हाताला लिहिताना पेटके येत. त्याला लेखनिक नाकारला गेला, कारण त्याचे अपंगत्व कायद्यातील ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नव्हते. न्यायालयाने म्हटले की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या काही विशिष्ट लाभांसाठी आहे. लिहिण्याची अडचण खरी असेल, तर वाजवी सोय मिळण्याचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने अशा परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

तरीही संशय संपत नाही. २०२१ च्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत, लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाने देय असलेला एक तासाचा जादा वेळ केंद्रावर दिला गेला नाही. इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका काढून घेतली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. तिच्यावर अन्याय झाला, हे न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्य केले आणि तो दूर करण्यासाठी काय करता येईल ते ठरवण्यास परीक्षायंत्रणेला सांगितले. पुन्हा परीक्षा मात्र झाली नाही. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला ती मुलगी 'धडधाकट' दिसली असणार, असे मला वाटते.

फक्त डिस्लेक्सियाच नव्हे

विदर्भात आणि नंदुरबारकडे शिकवणाऱ्यांना सिकलसेलची मुले भेटतात. या आनुवंशिक आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मूल सोमवारी खेळताना दिसते आणि मंगळवारी असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळते. बुधवारी शाळेत आले की 'काल तर नुसता फिरत होतास' असे आपण म्हणतो. शरीरातले पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. तेव्हा या मुलाला तासाला पाणी पिऊ देणे आणि लघवीला जाऊ देणे ही औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. तीच आपण शिस्त म्हणून नाकारतो.

एका कानाने ऐकू न येणारे मूल शांत खोलीत नीट उत्तर देते, गोंगाटात देत नाही. आपल्याला वाटते, हवे तेव्हा ऐकते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही सेकंद नुसते शून्यात पाहत राहते. आपल्याला वाटते, लक्ष नाही. या कोणालाही स्पर्धा जिंकून स्वतःला सिद्ध करण्याची गरज का पडावी?

वर्गात काय करता येईल

चित्रपटात निकुंभसर वाळूत, मातीत, रंगांत, हाताच्या त्वचेवर अक्षरे गिरवून घेतात. एकाच वेळी अनेक ज्ञानेंद्रियांचा वापर करणारी ही पद्धत खरी आहे. फक्त एका गाण्याच्या अवधीत जे घडते त्याला प्रत्यक्षात वर्षे लागतात, आणि प्रगती होऊनही वाचन बहुधा संथच राहते. तेवढी फुरसत प्रत्येक शिक्षकाला नसते हेही मला ठाऊक आहे. पण पुढील गोष्टींना ना निधी लागतो, ना दाखला.

अशा मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. आदल्या दिवशी उतारा सांगून ठेवावा. विज्ञान, इतिहास, भूगोल यांच्या घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवावेत आणि उत्तर तोंडी घ्यावे. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द चुकीचा लिहिला म्हणून प्रक्रिया समजली नाही असे ठरवू नये. फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीची छायाप्रत चालवून घ्यावी. जादा वेळ मिळाल्यावर इतर मुले 'त्यालाच का?' असे विचारतात. तेव्हा डोळे वटारण्याऐवजी उत्तर द्यावे. आठवीच्या मुलांना ते कळते. पालकांना तज्ज्ञांकडे जरूर पाठवावे, पण दाखला येईपर्यंत सोय थांबवू नये.

आणि चित्रपट? तो जरूर दाखवावा. मात्र दिवे लागल्यावर लगेच टाळ्या वाजवून उठू नये. मुलांना आणि शिक्षकांना एक प्रश्न द्यावा : स्पर्धेत ईशानचा नंबर आला नसता, त्याचे चित्र सुमार असते, तर निकुंभसरांनी आणि शाळेने त्याच्याशी कसे वागायला हवे होते? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मुलगी म्हणाली, "तसेच."

मागच्या रांगेतल्या बाईंना त्या दिवशी द्यायला हवे होते ते उत्तर हेच. त्याच्यात दडलेले काही शोधू नका, बाई. सापडले तर आनंदच आहे. पण त्याला प्रश्न वाचून दाखवायला, थोडा वेळ जास्त द्यायला, त्याच्यावर विश्वास ठेवायला तेवढे थांबण्याचे कारण नाही. तो तुमच्या वर्गात आहे, एवढे कारण पुरे आहे.